पूज्य सर

पूज्य सरांना भाजी आणायला पाठवू नये, हे चाळीसगावातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा काकू तापानं पडून होत्या म्हणून सर पिशवी घेऊन बाजारात गेले. "एखादी पालेभाजी आणा," असं काकूंनी सांगितलं होतं. त्यातला 'एखादी' हा शब्द नडला. मेथीवाली आणि पालकवाली शेजारी शेजारी बसलेल्या. सर त्या दोघींच्या बरोबर मध्ये पाऊण तास उभे. आधी दोघींनी हाका मारल्या, मग दोघी एकमेकींशी भांडल्या, आणि शेवटी समेट करून दोघींनी सरांनाच हाकललं. सर रिकामी पिशवी घेऊन घरी आले आणि काकूंना म्हणाले, "दोन्हीकडून सारखाच जोर होता गं."

भाजीचं एक वेळ सोडा. चाळीसगावहून धुळ्याला रेल्वेचा फाटा जातो आणि एसटीही जाते. सख्ख्या भाचीच्या लग्नाला निघालेले सर स्टेशनवर गेले, तर तिथं त्यांना वाटलं एसटी बरी. स्टँडवर आले, तर वाटलं गाडी बरी. तिकडे धुळ्यात गुरुजी "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" असं तीनदा पुकारत होते आणि मुलीचे मामा चाळीसगावात स्टेशन आणि स्टँड यांच्या मधल्या रस्त्यावर होते. शेवटी मुलीला कुणा लांबच्या मामानं आणलं. सर दुपारी घरी येऊन आमटीभात जेवले.

त्यांच्या मुलीच्या बारशाला दोन नावं पुढं आली होती. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका ताटकळल्या. मुलगी पुढं पाच वर्षं नुसती 'बेबी' होती. शाळेत नाव घालताना काकूंनी फॉर्म ओढून घेतला आणि तिसरंच नाव लिहून टाकलं. ज्येष्ठतेनं मुख्याध्यापकपद चालून आलं, तेव्हा सरांनी संस्थेला लिहून दिलं, 'विचार करून कळवतो.' विचार पुरा व्हायच्या आत ते निवृत्त झाले.

आणि अशा माणसानं आयुष्यात एक निर्णय घेतला आहे. स्वतःच्या डोक्यानं घेतला आहे, आणि ब्रह्मदेव आला तरी तो बदलायला ते तयार नाहीत. शून्याचा शून्यावा घात एक.

'पूज्य' हे नाव आदरापोटी पडलेलं नाही. जुन्या पंतोजींच्या मराठीत शून्याला पूज्य म्हणत. सर वर्गात झीरो म्हणत नसत, शून्यही क्वचित म्हणत. "एकावर पूज्य दहा" असंच चालायचं. त्यामुळं पोरांनी त्यांना पूज्य सर केलं. सेवापूर्तीच्या समारंभात फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'आमचे पूज्य सर' असं लिहिलं होतं. पाहुण्यांनी त्यावर दहा मिनिटं भाषण केलं, की आजच्या काळात शिक्षकाला पूज्य मानणारे विद्यार्थी उरलेत कुठं! मागच्या तीन रांगा तोंडात रुमाल कोंबून बसल्या होत्या. सरांना सगळं कळत होतं. ते मान डोलावत होते.

तो निर्णय त्यांनी घेतला तेव्हा मी वर्गात होतो. आठवीचा वर्ग, घातांकाचा धडा आणि नेमकी त्या दिवशी तपासणी. साहेब मागच्या बाकावर वही उघडून बसलेले. सरांनी फळ्यावर पाचाचा तिसरा घात लिहिला, एकशे पंचवीस. खाली दुसरा, पंचवीस. त्याखाली पहिला, पाच. "एक पायरी उतरलो की पाचानं भाग जातो. मग शून्यावा घात किती?" वर्ग ओरडला, "एक!" पुस्तकातला नियमही तोच, कुठल्याही संख्येचा शून्यावा घात एक, फक्त पुढं कंसात बारीक अक्षरांत 'संख्या शून्य नसावी' अशी अट. पुस्तकातला कंस म्हणजे भाड्याच्या करारातलं शेवटचं कलम. कोणी वाचत नाही. आमच्या वर्गात एकानं वाचलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आणि पूज्याचा पूज्यावा?"

सर थबकले. वर्गाला हे थबकणं सवयीचं होतं. उजव्या हातात खडू, डाव्या हातात डस्टर आणि नजर खिडकीबाहेर. मेथी आणि पालक. तेवढ्यात साहेब मागून म्हणाले, "शून्य. त्यात काय? शून्याला कितीही वेळा गुणा, शून्यच येणार."

सर वळले. मी त्यांना एवढ्या झटक्यात वळताना त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. म्हणाले, "साहेब, कितीही वेळा गुणलं तर शून्य. पण इथं एकदाही गुणलेलं नाही."

वर्ग चिडीचूप. सर फळ्याकडे गेले. "बेरीज सुरू करायच्या आधी पाटीवर काय असतं? पूज्य. त्यात मिळवत जायचं. गुणाकार सुरू करायच्या आधी काय असतं? तिथं पूज्य ठेवलं तर जन्मभर पूज्यच राहील. तिथं एक ठेवावा लागतो. त्या एकाला पाचानं तीनदा गुणलं की एकशे पंचवीस. एकदाही गुणलं नाही की तो एक तसाच. आता मला सांगा, ज्या गुणकाला तुम्ही हातच लावला नाही, तो पाच होता की पूज्य होता, यानं त्या एकाला काय फरक पडतो?" आणि त्यांनी फळ्यावर शून्याचा शून्यावा घात बरोबर एक असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते सरांच्या फायद्याचं नसावं. पण त्या दिवशी सर घरी ताठ मानेनं गेले, आणि काकूंनी "चहा की कॉफी" विचारल्यावर पुन्हा पूर्ववत झाले.

त्यानंतर जो भेटेल त्याला हा प्रश्न. मयताच्या घरीसुद्धा. सांत्वनाचं बोलून झालं की थोडं थांबून, "तुमचे वडील गणितात चांगले होते. त्यांचं मत काय होतं हो?" ज्याला गणित कळत नाही त्याच्यासाठी सरांकडे मिठाईच्या दुकानाचा दाखला होता. तो मी इतक्यांदा ऐकला आहे की मला जिलबी बघितली की घातांक आठवतो. तीन पोरं दुकानात आली. दुकानात पेढा आणि जिलबी असे दोन प्रकार. प्रत्येकानं एकेक प्रकार निवडायचा. किती तऱ्हांनी निवडतील? दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. म्हणजे दोनाचा तिसरा घात. आता पोरं तीन, पण दुकानात खडखडाट. एकालाही काही निवडता येत नाही. तऱ्हा शून्य, शून्याचा तिसरा घात शून्य. आता दुकान भरलेलं पण पोर एकही नाही. मालक माशा मारत बसलेला. ही एक तऱ्हा झाली. आणि पोरंही नाहीत, मालही नाही? सर इथं आवाज खाली आणायचे. "तक्रार करायला कोणी आहे का? नाही. कुणाला काही मिळायचं राहिलं का? नाही. सगळं सुरळीत. आणि सुरळीत असायची ही एकच तऱ्हा. एक!"

हे ऐकून आमचा खरा मिठाईवाला म्हणाला होता, "सर, माल नाही, गिऱ्हाईक नाही, त्याला आम्ही सुरळीत म्हणत नाही. दिवाळं म्हणतो."

सरांना आयुष्यभर पुरेल असा प्रतिस्पर्धी गावातच मिळाला. कॉलेजात कलन शिकवणारे प्रोफेसर. गोरे, किडकिडीत, आणि निर्णय घेण्यात पटाईत. दर दोन वर्षांनी स्कूटर बदलत. त्यांचं मत, शून्याचा शून्यावा घात अनिर्धार्य. उत्तर ठरवताच येत नाही. गंमत पाहा, एरवी घडीघडीला ठरवणारा माणूस म्हणतो ठरवता येत नाही, आणि ज्याला टूथपेस्ट ठरवता येत नाही तो म्हणतो ठरलंय!

पहिल्या भेटीत सरांनी कॅल्क्युलेटर पुढं केला. शून्य पूर्णांक एकचा तेवढाच घात घेतला, ०.७९४. मग ०.०१ चा ०.०१ वा घात, ०.९५५. मग ०.००१ चा, ०.९९३. "बघा, दोन्ही पाय शून्याकडे निघालेत आणि उत्तर एकाकडे." प्रोफेसर हसले. म्हणाले, "तुम्ही दोन्ही पाय एकाच चालीनं चालवताय म्हणून. पाया जरा वेगळ्या वेगानं शून्याकडे नेतो." आणि त्यांनी पाकिटाच्या मागे ई या संख्येचं ऋण घातांकाचं काहीतरी लिहून त्याचा घात घेतला. पाया शून्याकडे चाललेला, घातांकही शून्याकडे चाललेला, आणि उत्तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ०.३६८ वर ठाण मांडून. वर प्रोफेसर म्हणाले, "तुम्हाला दुसरं कुठलं उत्तर हवं असेल तर सांगा. शून्य आणि एक यांच्या मधलं वाटेल ते काढून देतो."

"हे गणित आहे की पत्रिका जुळवणं?" सर लालबुंद झाले होते. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पहाटे चारला मला उठवायला आले. संख्येचा तिच्याच इतका घात घेत घेत खाली आलं, की उत्तर आधी घसरत ०.६९२ पर्यंत जातं आणि मग वळून एकाकडे चढायला लागतं. हा तळ कुठं लागतो हे सरांनी रात्रभर बसून काढलं होतं. बरोबर ०.३६८ ला! "म्हणजे माझ्या रस्त्यात जिथं खड्डा आहे, तीच जागा यानं उत्तर म्हणून दाखवली. मुद्दाम!" मी म्हटलं, सर, हा योगायोग असेल, ई ही संख्या दोन्हीकडे आहे म्हणून. सर म्हणाले, "तू त्याच्या बाजूचा आहेस का?" एवढ्या पहाटे मी कुणाच्याच बाजूचा नव्हतो.

प्रोफेसर बिलंदर होते, पण त्यांना इतिहासाचं वेड होतं आणि ते सरांच्या पथ्यावर पडलं. त्यांनीच सांगितलं की कोशी या फ्रेंच गणितीनं १८२१ साली हा घात अनिश्चित रूपांच्या यादीत घातला. त्याआधी ऑयलर एक मानत होता. पुढं १८३४ मध्ये मोबियस नावाच्या जर्मन गणितीनं एकाची बाजू घेतली. त्यावर एकानं नुसतं 'एस' एवढंच नाव खाली घालून प्रतिउदाहरण छापलं. हाच तो ई वाला डाव. सर चवताळले, "निनावी! नाव सांगायची हिंमत नाही आणि आमचं उत्तर चुकीचं म्हणतो!" गल्लीतल्या पाण्याच्या भांडणातही निनावी अर्ज येतात, तेव्हा सरांच्या नजरेसमोर हा 'एस' उभा राहतो. आणि मोबियस म्हणजे तोच, ज्याच्या नावाची एकच बाजू असलेली पट्टी प्रसिद्ध आहे. प्रोफेसरांनी ही संधी सोडली नाही. म्हणाले, "ज्याच्या पट्टीला दुसरी बाजूच नाही, तो वादाची दुसरी बाजू कुठून बघणार?" हा टोला सरांना चार दिवसांनी कळला. ते तेव्हा अंघोळ करत होते.

पण सरांचं खरं दुखणं लिब्री. हा इटालियन सरदार. १८३३ साली यानं शून्याच्या घातावर लेख लिहिला आणि तिथून तो वाद पेटला. पुढं फ्रान्समधल्या ग्रंथालयांची पाहणी करायचं काम याच्याकडे आलं आणि या गृहस्थानं पाहणी करता करता पुस्तकं आणि हस्तलिखितं लांबवली. १८४८ मध्ये बोभाटा व्हायच्या सुमाराला पेट्या भरून लंडनला पसार. "एवढा सुंदर प्रश्न," सर कळवळून म्हणायचे, "आणि पडला चोराच्या हाती. म्हणून याला प्रतिष्ठा नाही." ऐकणारे मुकाट बसत, कारण गावच्या वाचनालयाची तीन पुस्तकं सरांकडे अकरा वर्षं आहेत. परत करावीत की नूतनीकरण करावं हे ठरत नाही.

दरवर्षी आठवीची सहल पाटणादेवीला जायची. चाळीसगावपासून जवळच. पोरं ओढ्यात उड्या मारायची आणि सर देवळातल्या शिलालेखापुढं उभे राहायचे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, इथं मठ काढला, त्याचा हा लेख, शके ११२८ चा. शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. बाजारातल्या खरेदी-विक्रीवरच्या उत्पन्नाचा काही हिस्सा मठाला लावून दिल्याचं त्यात आहे. सर म्हणायचे, "बघा, भाजी घेतली की गणिताला पैसे. काय राज्य होतं!" ज्या माणसाला भाजीच घेता येत नाही त्यानं हे म्हणावं, पण ते असो. तिथं उभं राहिलं की सरांच्या आवाजात जरा तक्रार यायची. आचार्यांनी शून्याचा वर्ग विचारला, घन विचारला, शून्यानं भागलेल्या राशीला खहर म्हणून नाव दिलं. मग एवढं एकच का राहिलं? "ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली शून्याला शून्यानं भागून उत्तर शून्य सांगितलं. चुकलं त्यांचं. पण ठरवलं तर खरं! या गोष्टी सापडत नसतात रे, ठरवाव्या लागतात." एवढं बोलून सर बाहेर आले की पोरं विचारायची, सर, डबे आत्ता खायचे की वर जाऊन? सहल तासभर तिथंच.

निवृत्तीनंतर मोबाईल घ्यायचा होता. दुकानदारानं अकरा फोन काउंटरवर मांडले. रंग, किंमत, कॅमेरा, काहीही न बघता सरांनी एकेकात शून्याचा शून्यावा घात घातला. काही 'एरर' म्हणाले, ते बाजूला. ज्यानं 'एक' म्हटलं तो सरांनी खिशात टाकला. चार मिनिटांत! काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. पण कव्हर काळं घ्यायचं की निळं यावर फोन अजून बिनकव्हराचाच आहे. कॉम्प्युटर शिकलेल्या पुतण्यानं सांगितलं की पायथनमध्येही एकच येतं, आणि डोनाल्ड क्नुथ नावाच्या मोठ्या माणसानं १९९२ साली लिहिलंय की एकच धरायला हवं, नाहीतर द्विपद प्रमेय मोडतं. सरांनी लगेच कागद घेतला. शून्य अधिक एक, याचा वर्ग एक. तोच वर्ग प्रमेयानं उलगडला की पहिल्याच पदात शून्याचा शून्यावा घात. त्याला शून्य मानलं तर एक बरोबर शून्य! त्या दिवशी सरांनी गल्लीत पेढे वाटले. जिलबी की पेढे हे काकूंनी ठरवलं होतं.

प्रोफेसर आणि सर यांनी मिळून एक गणित मंडळ काढलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत सभा. सुरुवातीला अकरा जण होते. अर्ध्यांना वाटलं होतं मुलांच्या स्कॉलरशिपची तयारी होईल. वर्षात चार उरले, मग हे दोघं. इतिवृत्त लिहायचं काम सरांचं, आणि ते मात्र चोख. गेल्या जुलैच्या पहिल्या रविवारी धो धो पाऊस. प्रोफेसर पुण्याला लेकीकडे. सर घरातून निघालेच नाहीत. छत्री घ्यावी की रेनकोट, यात पाच वाजले. पण रात्री त्यांनी वही काढून लिहिलं:

'उपस्थित सभासद ०. चर्चेचे विषय ०. झालेल्या सभा १.'

ऑगस्टमध्ये मागील इतिवृत्त वाचून कायम करायचं होतं. प्रोफेसर ताडकन उठले. सभा झालीच नाही तर ती एक कशी? सर म्हणाले, विषय नव्हते, माणसं नव्हती, एकही मुद्दा राहून गेला नाही, कुणी कुणाला बोललं नाही. अशी सुरळीत सभा होण्याची एकच तऱ्हा आहे आणि ती जुलैत झाली. प्रोफेसर म्हणाले, शून्य लिहा. मग स्वतःच चपापले, कारण शून्य हे काही त्यांचं मत नव्हतं. म्हणाले, "अनिर्धार्य लिहा." सर म्हणाले, "वर्षाच्या शेवटी सभांची बेरीज करायची असते. अकरा अधिक अनिर्धार्य किती?" प्रोफेसर खाली बसले. पण कायम करायला मतदान लागतं, आणि मतं पडली एक विरुद्ध एक. मग त्यांनी मला बोलावलं. मी बाहेर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. मंडळाचा सभासदही नव्हतो. पाच रुपये घेऊन मला जागच्या जागी सभासद करण्यात आलं.

दोघं माझ्याकडे बघत होते. मी बँकेत तीस वर्षं कॅश मोजली आहे. मनात म्हटलं, जमा नाही, नावे नाही, तरी तो दिवस वहीत एक दिवस म्हणून लागतोच. म्हटलं, "एक."

प्रोफेसरांनी मुकाट्यानं सही केली. सर मात्र पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "नक्की ना? घाई नाही. विचार करून सांग."

मी नक्की म्हटलं. वही बंद झाली. खोलीला कुलूप लावून आम्ही जिना उतरलो, तर बाहेर पुन्हा पाऊस. प्रोफेसरांनी डोक्यावर वर्तमानपत्र धरलं आणि नवी स्कूटर काढून निघून गेले. मीही छत्री उघडून रस्त्यावर आलो. कोपऱ्यावर वळताना मागं बघितलं. सर वाचनालयाच्या दारातच होते. काकूंनी या वेळी दोन्ही बरोबर दिलं होतं. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात रेनकोट.